अर्धी शाळा कधीच बुडाली नाही

"मॅडम, एकच सांगा. ही नाटक करते की हिला खरंच दुखतं?"

आई खुर्चीत नीट टेकण्याआधीच हे विचारून मोकळी झाली. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. सातवीतली. सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की तिचं पोट दुखायला लागायचं आणि शाळेची वेळ टळून गेली की तासाभरात थांबायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. वडिलांचं म्हणणं, चार दिवस ओढत नेऊन बसवा, सुतासारखी सरळ होईल.

नाटक की खरं, हे मला इतक्या पालकांनी विचारलं आहे की मी त्याचं उत्तर देणं सोडून दिलं आहे. भीतीने दुखणारं पोटही दुखतंच. त्याऐवजी मी हजेरी मागवते.

वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, "अधूनमधून येत नाही." मोजले तेव्हा चार महिन्यांत 19 दिवस भरले. शाळेच्या एकूण दिवसांपैकी 10 टक्के बुडाले की गंभीरपणे बघावं, असा ढोबळ निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात. 200 दिवसांच्या वर्षात ते होतात 20, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. आठवडाभर सलग दांडी मारली तर घर जागं होतं. महिन्याला दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पण किती दिवस यापेक्षा कोणते दिवस, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅलेंडर पुढ्यात घेऊन आम्ही बुडालेल्या दिवसांवर खुणा केल्या. माझा अंदाज गणिताचा होता आणि तो साफ चुकला. चाचणीच्या एकाही दिवशी ती गैरहजर नव्हती. आई सहज बोलून गेली, "शनिवारी तर उड्या मारत जाते." शनिवारी शाळा अर्धी. चाचणीच्या दिवशीही लवकर सुटायची. अर्धी शाळा तिने एकदाही बुडवली नव्हती.

मुलीला मी 'का जात नाहीस' असं विचारलं नाही. त्या वयाच्या मुलांकडे या प्रश्नाचं उत्तर बहुधा खांदे उडवणं हेच असतं. शाळेतला एक अख्खा दिवस सांग म्हटलं. सांगता सांगता ती मधल्या सुट्टीपाशी आली आणि थांबली.

"पाणी पितेस ना?"

"नाही."

"बाटली नेतेस की."

"भरलेलीच परत आणते."

मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी वर्षाच्या सुरुवातीपासून तुटलेली होती. एकदा ती आत असताना कुणीतरी दार ढकललं, बाहेर हशा पिकला. त्या दिवसापासून घरी येईपर्यंत ती जातच नव्हती. लघवी आणि शौच रोज असं दाबून ठेवलं, पाणीही तोडलं, तर बद्धकोष्ठ होतं आणि पोट दुखतं. खरंखुरं. पाळी अजून सुरू झाली नव्हती हे एका अर्थी बरंच. नाहीतर आम्ही सगळ्यांनी त्यावरच बोट ठेवलं असतं आणि कडीपर्यंत पोचलोच नसतो.

कडी आठवड्याभरात बसली. डॉक्टरांनी बद्धकोष्ठावर औषध दिलं, पाणी वाढवायला सांगितलं. मला वाटलं, संपलं. ती दोन दिवस शाळेत गेली आणि तिसऱ्या दिवशी परत घरी.

पालकांची सगळ्यात जास्त चिडचिड होते ती इथेच. कारण सापडलं, दूर केलं, आता काय? पण ज्या कारणाने मूल घरी थांबायला लागतं आणि ज्या कारणाने थांबून राहतं, ती दोन्ही एकच असतील असं नाही. मधल्या काळात बीजगणित पुढे गेलं होतं. शेजारच्या मैत्रिणीने दुसरी जागा धरली होती. परतली त्या सकाळी एका शिक्षकांनी भर वर्गात "या, पाहुण्याबाई!" म्हणून स्वागत केलं होतं. आणि घरी? पोट थांबलं की आईशी निवांत गप्पा, हातात मोबाइल.

क्रिस्टोफर कर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शाळा टाळण्यामागचे चार हेतू मांडले आहेत: शाळेतल्या त्रासदायक गोष्टी टाळणं, लोकांसमोरच्या किंवा परीक्षेच्या प्रसंगांतून सुटणं, जवळच्या माणसांचं लक्ष मिळवणं आणि शाळेबाहेरच्या आकर्षक गोष्टी मिळवणं. त्यावर आधारलेली प्रश्नावली त्याने आणि वेंडी सिल्व्हरमनने 1993 मध्ये प्रसिद्ध केली. या मुलीच्या बाबतीत कडीपासून मोबाइलपर्यंत चारही हेतू एकात एक गुंतले होते. घरी थांबल्यावर मिळणारी सुटकाच उद्याची दांडी पक्की करते, हे आईला पटायला दोन भेटी लागल्या. 'म्हणजे चूक माझीच' असं तिने लगेच स्वतःवर ओढून घेतलं. 'स्कूल फोबिया' हा शब्द 1941 मध्ये आला, तेव्हापासून बोट आधी आईकडेच वळतं. मी ते वळू दिलं नाही.

अर्धी शाळा तिला जमत होतीच, तिथूनच धरलं. पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंत, मग दर दोन दिवसांनी एक तास जास्त. तास चालू असताना, गर्दी नसते तेव्हा, खूण करून स्वच्छतागृहात जायची मुभा. वर्गात शिरताना कुणी काही बोलायचं नाही. सकाळी सोडायला वडील. ओढत न्यायचं नाही, पण दारातून परतही आणायचं नाही. आणि घरी राहिलीच तर शाळा सुटेपर्यंत मोबाइल नाही, गप्पा नाहीत. शिक्षा म्हणून नव्हे, दिवस जरा कंटाळवाणा व्हावा म्हणून. आईला सगळ्यात जड गेलं ते हेच.

शाळेत मारहाण, छळ किंवा लैंगिक त्रास होत असेल तर मात्र यातलं काहीच आधी करायचं नसतं. तेव्हा मूल पळतं ते बरोबरच पळतं, आणि आधी ते थांबवावं लागतं.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी आईचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, हिला ताप आहे हो. 102. पाठवू का?"

"अहो, ताप असेल तर ठेवा घरी!"

"ती जाते म्हणून हटून बसलीय."