सातारा-सांगली भागात हातानं गोधडी शिवणाऱ्या बायकांचे गट कुठे सापडतील? त्यांना जाऊन भेटता येतं का?

नुसते 'गट' शोधत निघालात तर हात हलवत परत याल. आमच्या सांगलीकडं गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळा शिवणाऱ्या बायकांचं ना कार्यालय असतं ना पाटी. दुपारची कामं उरकली की कुणाच्या तरी घराच्या पुढच्या सोप्यात तीन-चार जणी बसतात, तोच गट. पंचायत समितीत 'उमेद'चा, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानाचा कक्ष असतो, तिथं बचत गटांची माहिती मिळेल, पण त्यात पापड, मसाले, शेळीपालन हेच जास्त निघेल. त्यापेक्षा गावातल्या सीआरपी ताईंना (उमेदचं गावातलं काम बघणाऱ्या) नाहीतर आशाताईंना विचारा. कुणाचा हात चांगला, हे त्यांना तोंडपाठ असतं. साताऱ्याकडं जाणार असाल तर माण-खटाव धरा. म्हसवडला १९९७ पासून बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक आहे, त्या परिसरात कुणीतरी वाट दाखवेल.

पण मला विचाराल तर घट बसायच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या गावातून पायी फिरा. सगळ्या घरांतली अंथरुणं-पांघरुणं धुऊन कट्ट्यावर, कुंपणावर वाळत पडलेली असतात. ज्या वाकळेचा टाका इतक्या धुण्यांनंतरही सरळ आहे, ती कुणी शिवली ते विचारायचं आणि थेट त्या दारात जायचं.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहितेय त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर बघितलं तर सासूबाईंच्या वाकळा गाळानं भरून अशा जड झालेल्या की दोघांना उचलेनात. थोरले दीर म्हणाले, ट्रॉलीत टाका, ब्लँकेटं आणू. मी टाकू दिल्या नाहीत. बसून उसवल्या. वर सासूबाईंचं सुती लुगडं, त्याखाली मामंजींची धोतरं, आणि सगळ्यात आत सासूबाईंच्याही सासूच्या वाकळेचा एक तुकडा, टाक्यांसकट. कुजलेलं टाकलं, तगलेलं सोड्यात उकळून कडक उन्हात वाळवलं आणि उन्हाळ्यात माहेरी नेलं, जतकडं. तिथं दोघी जावा वाकळा शिवतात.

त्यांनी जमिनीवर लुगडं अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. आतले तुकडे कडेला कड भिडवून मांडले, कारण एकावर एक चढले की तिथं सुई अडते. आधी कच्चे टाके, मग कडेनं सुरुवात करून चौकोना-चौकोनानं आत आत येत गेल्या. धाकटीच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, तरी सुईचं मागचं टोक त्यातून रुतत होतं. पालथी मांडी घालून दिवसभर वाकून बसायचं काम आहे हे.

त्यांनी मागितले तेवढे पैसे मी दिले. घरी आल्यावर दिरांनी आकडा विचारला आणि म्हणाले, ''कापड आपलं, दोरा आपला, चिंध्यांचे एवढे?'' त्याच वर्षी घराची डागडुजी चालली होती. विटा आपल्या, सिमेंट आपलं, तरी गवंड्याची हजेरी हेच दीर दर आठवड्याला रोख मोजत होते. ते मी बोलून दाखवलं. उत्तर आलं, ''ते काम आहे.'' वाकळ शिवणं हेही कामच आहे, आणि हे मला कुणाशीही वाद घालून सांगायला आवडेल.

तर, जाऊन भेटता येतं. पण 'जरा शिवून दाखवा' म्हणत रिकाम्या हातानं जाऊ नका, जाताना एक वाकळ शिवायला घेऊन जा. कापड सुतीच न्या. हल्लीच्या पॉलिस्टर साड्यांची वाकळ घाम टिपत नाही, आणि चांगली शिवणारी ते काम बहुतेक घेतही नाही. फोटो विचारून काढा.

एक सांगायचं राहिलं. घटाच्या आधी गेलात तर माणूस सापडेल, शिवताना बघायचं असेल तर उन्हाळा गाठा. जत-आटपाडीकडं शाळू निघाला की पाऊस पडेपर्यंत बायकांना जरा उसंत असते. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षांची काढणी, बेदाणा, मग एप्रिलची खरड छाटणी, तिथं तेव्हा कुणाला मान वर करायला वेळ नसतो. सगळीकडं असंच असेल असं नाही, आधी फोन करून जा. आणि सांगितलेला दर परवडत नसेल तर सरळ नाही म्हणून उठा, पण त्यांच्याच सोप्यात बसून, त्यांचा चहा पिऊन घासाघीस करू नका.