अमोनियातला नायट्रोजन एसपी३, मग अमाइडमधला एसपी२ कसा?

एसपी३, एसपी२ ही संकरणाची, म्हणजे अणूच्या एस आणि पी ऑर्बिटलच्या मिश्रणाची, नावे. ते ओळखायचा नेहमीचा नियम असा: मधल्या अणूचे सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला बंध) अधिक एकाकी जोड्या (बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या). बेरीज ४ आली तर एसपी३, ३ तर एसपी२, २ तर एसपी. पाय (π) बंध, म्हणजे दुहेरी-तिहेरी बंधातला जादाचा बंध, मोजायचा नाही, बहुतेक चुका तिथेच होतात. अमोनियात ३ सिग्मा आणि १ एकाकी जोडी, म्हणून एसपी३. कोन मात्र एसपी३च्या नेहमीच्या १०९.५ ऐवजी सुमारे १०७ अंश, कारण एकाकी जोडी जास्त जागा अडवते.

अमाइडमध्ये (कार्बोनिल म्हणजे C=O गटाला नायट्रोजन जोडलेला असतो ते संयुग) नायट्रोजनची बेरीज ४च येते, पण ती फसवी. तिथली जोडी शेजारच्या कार्बोनिलशी रेझोनन्समध्ये गुंतते, म्हणजे तिचे इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंवरही पसरतात, आणि त्यासाठी ती पी ऑर्बिटलमध्येच असावी लागते. म्हणून नायट्रोजन एसपी२, जवळजवळ सपाट. एकाकी जोडीला लागून पाय बंध दिसला की आधी रेझोनन्स तपासा. (हायड्रोजन सल्फाइडमध्येही बेरीज ४ येते, पण कोन १०९.५च्या जवळही नाही, सुमारे ९२ अंश, म्हणून तिथे एसपी३चा हट्ट नकोच.)