पेनड्राइव्ह ‘काढण्यापूर्वी’ संगणकात नेमके काय घडते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: फाइल पेनड्राइव्हवर कॉपी झाल्याचे पडद्यावर दिसले, म्हणून मी तो लगेच काढला. दुसऱ्या संगणकावर फाइलचे नाव आणि आकार बरोबर दिसतो, पण ती उघडत नाही. असे का व्हावे?

उत्तर: कॉपी पूर्ण झाल्याच्या सूचनेचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की प्रोग्रॅमने सगळी माहिती ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली केली आहे. पेनड्राइव्ह संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीपेक्षा (रॅमपेक्षा) फारच संथ असल्यामुळे सिस्टीम ती माहिती आधी मेमरीत ठेवते आणि नंतर सवडीने डिस्कवर, म्हणजे इथे पेनड्राइव्हवर, उतरवते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ सेटिंगनुसार मेमरीतील अशी माहिती ३० सेकंद जुनी झाली, की ती लिहायला घेतली जाते. शिवाय ती एकाच जागी लिहायची नसते: फाइलचा मजकूर, तो कोणकोणत्या भागांत आहे याची नोंद ठेवणारा तक्ता आणि फोल्डरमधील नाव व आकार या तीन गोष्टी डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. तुमच्या बाबतीत फोल्डरमधील नोंद डिस्कवर पोहोचली आणि मजकूर मात्र मेमरीतच राहिला, अशी दाट शक्यता आहे. त्यामुळे आकार बरोबर दिसतो यावरून फाइल शाबूत आहे असे मुळीच समजू नये. ‘इजेक्ट’ किंवा ‘अनमाउंट’ (डिस्क सुरक्षितपणे वेगळी करण्याची आज्ञा) केल्यावर उरलेली सर्व माहिती डिस्कवर लिहिली जाते, आणि ती आज्ञा यशस्वीपणे पूर्ण होणे हीच खरी पावती होय.

प्रश्न: विंडोजमध्ये आता ‘इजेक्ट’ करण्याची गरज नाही, असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर: अंशतः खरे आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळ सेटिंग म्हणून ठेवलेले आहे. त्यात लिहायची माहिती विंडोज मेमरीत अडवून ठेवत नाही. त्यामुळे वेग थोडा कमी होतो, पण डिस्क निष्क्रिय असताना काढली तर सहसा नुकसान होत नाही. मात्र हे सेटिंग बदललेले असू शकते, एखादा प्रोग्रॅम मागे त्या डिस्कवर लिहीत असू शकतो, आणि लिनक्स किंवा मॅकला हा नियम लागू नाही. इजेक्ट करण्याच्या दोन सेकंदांच्या कृतीवर पाणी सोडावे, असे मला वाटत नाही.

प्रश्न: पेनड्राइव्हवर एक्सफॅट या फाइल सिस्टीमऐवजी (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीऐवजी) एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ वापरल्यास धोका टळेल का?

उत्तर: कमी होईल, टळणार नाही. या दोन्ही फाइल सिस्टीम जर्नल ठेवतात, म्हणजे रचनेत करायच्या बदलांची नोंद आधी करतात आणि मग बदल करतात; काम मध्येच तुटले तर त्या नोंदीवरून रचना पुन्हा सुसंगत करता येते. फॅट३२ आणि एक्सफॅटच्या नेहमीच्या वापरात अशी सोय नाही. परंतु मूळ सेटिंगमध्ये जर्नल रचनेचे रक्षण करते, तुमच्या मजकुराचे नाही. मेमरीत राहून गेलेला परिच्छेद कोणतेही जर्नल परत आणू शकत नाही.

प्रश्न: ‘डिस्क वापरात आहे’ असे सांगून संगणक ती काढू देत नाही. अशा वेळी सक्तीने काढावी का?

उत्तर: नाही. कोणत्या तरी प्रोग्रॅमने त्यावरची फाइल उघडी ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रोग्रॅम बंद करावा. सापडत नसेल तर संगणक पूर्ण बंद करून मग डिस्क काढावी. लिनक्समध्ये ‘लेझी अनमाउंट’चा (वापर संपण्याची वाट न पाहता डिस्क वेगळी झाल्याचे दाखवण्याचा) पर्याय संदेश नाहीसा करतो, पण उघड्या फाइलींचे लिहिणे मागे चालूच राहू शकते, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही.

प्रश्न: संगणक ‘हायबरनेट’ केल्यावर (चालू काम जसेच्या तसे साठवून बंद केल्यावर) सर्व दिवे विझतात. तेव्हा डिस्क काढणे सुरक्षित असते ना?

उत्तर: ही समजूत सर्वांत धोक्याची आहे. हायबरनेट होताना सिस्टीम मेमरीची प्रत जपून ठेवते आणि तीत त्या डिस्कच्या तक्त्याचे तेव्हाचे चित्रही असते. मधल्या काळात तुम्ही ती डिस्क दुसऱ्या संगणकावर नेऊन बदलली, तर जागा झालेला पहिला संगणक जुन्या चित्रावर विसंबून नव्या नोंदींवर लिहू शकतो. याच कारणाने लिनक्सवर एनटीएफएस डिस्क हाताळणारा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर हायबरनेट अवस्थेत सोडलेल्या विंडोजच्या डिस्कवर सहसा लिहू देत नाही. डिस्क दुसरीकडे न्यायची असेल, तर हायबरनेट करण्याआधी ती इजेक्ट करावी.