पुरस्कार राहू द्या, आधी मार्गदर्शकांची जोडी शोधा

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनी आणि पोलंडमधल्या संशोधकांना जोडीनं मिळणाऱ्या कोपर्निकस पुरस्काराबद्दल वाचल्यापासून दोन्ही देशांत मिळून पीएच.डी. करायची म्हणते. हे जमतं का? पुरस्कारासाठी आतापासून काय करावं? – एक पालक

उत्तर : पुरस्कारासाठी आत्ता काहीच करायचं नाही. जर्मनीची डीएफजी (संशोधनाला निधी देणारी संस्था) आणि पोलिश विज्ञान प्रतिष्ठान 2006 पासून दर दोन वर्षांनी तो देतात, तोही मुरलेल्या संशोधकांना. मात्र निवड करताना या जोडीनं तरुण संशोधक किती घडवले हे पाहिलं जातं. मुलीला शोधायची आहे ती अशीच जोडी.

दोन्हीकडे मिळून पीएच.डी. जमते. तिला ‘कोट्युटेल’ म्हणतात : विद्यापीठं दोन, मार्गदर्शक दोन, पण प्रबंध एक आणि तोंडी परीक्षाही एकदाच. हातात दोन विद्यापीठांची नावं येतात, डॉक्टरेट मात्र एकच.

खरी मेख दोन पद्धतींच्या फरकात आहे. जर्मनीत बहुतेकदा आधी मार्गदर्शक मिळवायचा, मग नोंदणी; पगार सहसा प्रकल्पाच्या नोकरीतून, अनेकदा अर्ध्या किंवा पाऊण वेळेच्या करारावर. पोलंडमध्ये 2019 पासून डॉक्टरल स्कूल, म्हणजे पीएच.डी.साठीच्या खास शाळा आहेत. तिथे स्पर्धेतून प्रवेश, 6 ते 8 सत्रं, आणि निम्म्यावर मध्यावधी मूल्यमापन. विद्यावेतन त्याआधी प्राध्यापकाच्या पगाराच्या किमान 37 टक्के, नंतर किमान 57 टक्के. जर्मन पगार आणि पोलिश विद्यावेतन दोन्ही घेता येईल असं गृहीत धरू नका. पोलंडमध्ये डॉक्टरल विद्यार्थ्याच्या नोकरीवर बंधनं आहेत. डॉक्टरल स्कूलकडून लेखी उत्तर घ्या.

गाडी अडते ती बहुधा करारावर. “काम सुरू करू, कागद नंतर बघू” असं दोन्ही प्राध्यापक मोकळ्या मनानं म्हणतात आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचा विधी विभाग हरकत काढतो. कुठे किती महिने राहायचं, प्रबंधाची भाषा कोणती, परीक्षा मंडळावर कोण, विमा आणि प्रवासखर्च कोणाकडे, हे सगळं पहिल्याच वर्षी सह्यांनिशी ठरलं पाहिजे.

व्हिसाचंही तसंच. एका देशाच्या साध्या निवास परवान्यावर दुसऱ्या देशात 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. संशोधक म्हणून मिळालेल्या परवान्यावर युरोपीय संघाच्या नियमानुसार 360 दिवसांत 180 दिवसांपर्यंत दुसऱ्या देशात काम करता येतं. मात्र तिथे आधी कळवावं लागू शकतं. म्हणून परवान्यावर ‘विद्यार्थी’ आहे की ‘संशोधक’, हे अर्ज भरतानाच पाहा.

जोडी कशी ओळखायची? मागच्या पाच वर्षांतले दोघांचे एकत्र शोधनिबंध काढा आणि पहिल्या लेखकाच्या नावापुढचे पत्ते वाचा. तिथे पीएच.डी.चा विद्यार्थी असेल आणि दोन्ही संस्थांचे पत्ते असतील, तर मुलं खरोखर ये-जा करतात. फक्त प्राध्यापकांचीच नावं असतील, तर ते सहकार्य परिषदांपुरतं समजा. भौतिकशास्त्रात सुरुवात हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसर केंद्रापासून करता येईल. पोलंड त्यात भागीदार आहे आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या अतिवाहक त्वरक मॉड्यूलांच्या चाचण्या क्राकोव्हच्या चमूनं केल्या.

मुलीनं दोन्ही मार्गदर्शकांना एकच ई-मेल पाठवावा, दोघांची नावं वर ठेवून. मजकूर एका पानाचा, सोबत गुणपत्रिका. त्यांच्या कोणत्या निबंधातला कोणता आलेख पुढे न्यावासा वाटतो, हे पहिल्या परिच्छेदातच यावं.