रोज सबकल्चर करत (वाढलेले थोडे जंतू ताज्या माध्यमात, म्हणजे अन्नद्रवात, टाकत) राहिलं तर म्युटेशनमुळे, म्हणजे डीएनएतल्या बदलांमुळे, ई. कोलाय हा बॅक्टेरिया सतत जास्त वेगानं वाढत जातो का? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हे दिसेल का?

वेग वाढतो, पण पुढे पुढे वाढ मंदावते. मी नागपुरात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे प्रोजेक्टबद्दल शेवटी बोलतेच.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलायच्या एकाच स्ट्रेनपासून (वाणापासून) १२ फ्लास्क सुरू केले. रोज कल्चरचा शंभरावा हिस्सा ताज्या माध्यमात टाकायचा, म्हणजे दिवसाला साधारण ६.६ पिढ्या. पहिल्या २,००० पिढ्यांतच या वंशजांनी मूळ स्ट्रेनवर एक-तृतीयांशाहून जास्त आघाडी घेतली. ५०,००० पिढ्यांनंतर ती होती सुमारे ७० टक्के. पिढ्या पंचवीसपट, आघाडी जेमतेम दुप्पट! जे म्युटेशन मूळ स्ट्रेनला भरपूर फायदा देतं, तेच आधीच सुधारलेल्या स्ट्रेनमध्ये टाकलं तर बहुधा कमी देतं.

आता आघाडी कशाची? त्या माध्यमात ग्लुकोज लिटरला फक्त २५ मिलिग्रॅम. ते काही तासांत संपतं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. अशा पंगतीत जो आधी पाटावर बसेल तोच पोटभर जेवणार. म्हणून लॅग फेज (वाढ सुरू होण्याआधीचा थांबा) आखूड करणारी आणि ग्लुकोजवर भराभर विभाजन घडवणारी म्युटेशन टिकली. पेशी आकारानं मोठ्या झाल्या, पण फ्लास्कमधली त्यांची संख्या मात्र घटली. हे पुस्तकात वाचून मुलांना पटत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते रायबोज या साखरेचं प्रकरण. बाराही फ्लास्कमधल्या बॅक्टेरियांनी रायबोज पचवणारी जनुकं गमावली, तीही २,००० पिढ्यांच्या आत. त्या जनुकांशेजारी एक उडी मारणारा डीएनएचा तुकडा होता, त्यामुळे तो भाग वारंवार गळून पडायचा. आणि गळल्यावर ग्लुकोजमध्ये एक-दोन टक्के फायदा व्हायचा. एवढा फायदा पुरतो. पण हेच बॅक्टेरिया रायबोजवर वाढवायला गेलात तर वाढणारच नाहीत.

उलट, ऑक्सिजन असताना सायट्रेट (माध्यमातला आणखी एक कार्बनी पदार्थ) खाण्याची क्षमता बारांपैकी एकाच फ्लास्कमध्ये आली, साधारण ३१,००० पिढ्यांनंतर. सायट्रेट पहिल्या दिवसापासून माध्यमात होतं. आधीची काही म्युटेशन जुळून येईपर्यंत त्याचा उपयोग होत नव्हता. सहा फ्लास्कमध्ये तर डीएनए-दुरुस्तीच बिघडली आणि म्युटेशनचा पाऊस पडला, पण त्या प्रमाणात वेग वाढला नाही.

तर तुमचा प्रोजेक्ट. एका सेमिस्टरमध्ये काहीशे पिढ्या सहज होतात, थोडा फरक दिसू शकतो. नुसत्या कलरीमीटरच्या (गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) वाचनावर विसंबू नका, कारण पेशी फुगल्या तरी गढूळपणा बदलतो. वंशज आणि मूळ स्ट्रेन एकाच फ्लास्कमध्ये सोडा आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर कॉलनी मोजा. दोघं ओळखू येतील असं काही लागेल; लेन्स्कींकडे अरॅबिनोज या साखरेच्या प्लेटवर लाल आणि पांढऱ्या कॉलनी यायच्या. मूळ स्ट्रेन पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा.

आणि एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका बाप्पा! साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. बाहेर ४५ अंश आणि खोलीत ४० असेल तर ३७ अंश येणार कुठून? थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर मिळत नसेल तर दिवाळीनंतर सुरू करा.