जास्वंदीचे फोटो धूसर येतात म्हणून मॅक्रो लेन्स परत करू नका

नवी १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) घेतली, बाल्कनीतल्या जास्वंदीचे दीडशे फोटो काढले, एकही धड शार्प नाही, तर लेन्स परत करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. तुमच्या फोटोत फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाजवळचे परागकण एकेक मोजता येतायत, धूसर आहेत त्या मागच्या पाकळ्या. म्हणजे लेन्स चोख आहे.

फूल १:१ वर आणलं, म्हणजे सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढं, आणि एफ २.८ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलं (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं), की फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर फोकसमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा राहत नाही. एफ ११ वर जेमतेम सव्वा. श्वास घेतला तरी आपण त्याहून जास्त हलतो! म्हणून एफ ८ ते ११ च्या आसपास राहा आणि कमी झालेला प्रकाश भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. एफ ३२ वर मात्र डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं.

आता जास्वंदीचंच बघा. दांडा लेन्सकडे रोखलेला असेल तर नुसतं टोक मिळणार. बाजूने या, दांडा सेन्सरला समांतर धरा. टोकावरचे पाच लाल ठिपके आणि खालचे पिवळे पराग एका फोकसमध्ये येतील. पूर्ण दांडा बसवायला थोडं मागे यावं लागतं, आणि मागे आलात की फोकसची खोलीही वाढते. ऑटोफोकस बंद ठेवा, लेन्सची फोकस रिंग एका जागी सोडा आणि स्वतः अगदी हळू पुढे-मागे होत पाच-सहा फोटो सलग घ्या.

वाऱ्याला उपाय एकच, सकाळी लवकर. कुंडीत काडी रोवून देठाला कपड्यांचा चिमटा लावला तरी खूप फरक पडतो.

रानफुलं टिपायला नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर कधी जाऊ, हेही विचारलंय. ऑगस्ट-सप्टेंबर, पण घरच्या फुलांवर हात बसल्यावरच. पठारावरच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं नावाची इवली रानफुलं फुलतात. फूल असतं जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे जमिनीला टेकूनच काढावं लागतं. पहिल्या वर्षी मी असाच पालथा पडून फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर बघताना एका फोटोच्या कडेला माझ्याच कोपराखाली चिरडलेली चार फुलं दिसली. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. तेव्हापासून आधी उघडा कातळ शोधतो, तिथे पोतं अंतरतो आणि तिथून जे दिसेल तेवढंच काढतो. त्या डोंगरावर कंदीलपुष्पाची (कंदिलासारख्या फुलाच्या रानवनस्पतीची) एक जात तर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. फ्रेममध्ये आडवं येतंय म्हणून तिथलं गवत कृपा करून उपटू नका, त्याबरोबर अशी रोपंही निघून येतील.

जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, तेव्हा उद्याची कळी आज संध्याकाळीच हेरून ठेवा. बाजूने काढलेला फोटो टाका, मी नक्की बघतो.