मिशनरी स्त्रिया म्हणजे फक्त मिशनऱ्यांच्या बायकाच होत्या का?

नाही. सुरुवातीला मिशन संस्था बहुतेक जोडपीच पाठवत. बायको शाळा चालवी, आजाऱ्यांना औषध देई, पण मिशनऱ्यांच्या यादीत नाव नवऱ्याचंच. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या त्या अविवाहित. पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतिराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

स्त्रियांची गरज का पडली? कारण साधं आहे. जिथे पडदा होता तिथे परक्या पुरुषाला, अगदी डॉक्टरलाही, घरात प्रवेश नव्हता. म्हणून अमेरिकन मिशनरी डॉ. क्लारा स्वेन १८७० मध्ये उत्तर भारतातल्या बरेलीला आल्या.

मला सगळ्यात रोचक वाटतात मेरी स्लेसर. स्कॉटलंडच्या गिरणीत राबलेली ही बाई १८७६ मध्ये कालाबारला, म्हणजे आजच्या नायजेरियात गेली. तिथली एफिक भाषा शिकली, जुळी मुलं अपशकुनी मानून टाकली जात त्यांना सांभाळलं, आणि पुढे गावाचे तंटेही सोडवू लागली. मायदेशातल्या चर्चमध्ये स्त्रीला प्रवचन करू देत नव्हते, परदेशात मात्र तीच तिथली अख्खी ख्रिस्ती मंडळी सांभाळे. हा विरोधाभास संस्थांना फारसा खुपला नाही, कारण काम होत होतं!

अर्थात धर्मप्रसार हा हेतू होताच, आणि अनेकींच्या लिखाणात स्थानिकांबद्दलचा वरचढपणाही दिसतो.